झाडाखाली, कागद आणि रंग घेऊन



गेल्या महिन्याभरात तुम्ही कोणाला तरी "मला बरे वाटत नाही" असे सांगितले का? शरीराबद्दल नव्हे, मनाबद्दल? इंग्लंडमध्ये आयटी क्षेत्रात काम करताना मी तरी ते वर्षानुवर्षे सांगितले नाही. प्रोजेक्टची डेडलाइन, व्हिसाची चिंता, गावाकडे आई-वडिलांचे आजारपण, ऑफिसमधल्या देशबांधवाने सहज म्हणून विचारलेले "पूर्ण नाव काय तुमचे?" हे सारे मनात साठवून आपण रविवारी हसतमुखाने वंदनेला येतो. म्हणूनच आमच्या काही कुटुंबांनी निसर्ग आणि चित्रकला यांची एक छोटी कार्यशाळा सुरू केली. तिच्यातून काय शिकलो ते आज आपल्यासमोर मांडतो.

धम्मात निसर्गाचे स्थान

तथागतांचा जन्म लुंबिनीच्या वनात झाला, संबोधी पिंपळाखाली लाभली आणि महापरिनिर्वाण दोन शालवृक्षांच्या मधोमध झाले. महासच्चक सुत्तात एक सुंदर प्रसंग येतो. लहानपणी वडील शेताच्या कामात असताना सिद्धार्थ जांभळीच्या सावलीत बसले होते आणि त्यांचे चित्त सहज शांत झाले होते. पुढे कठोर देहदंडाने काही साधले नाही, तेव्हा हीच आठवण त्यांना मार्ग दाखवून गेली. सतिपट्ठान सुत्तातही साधकाने बसण्यासाठी अरण्य, झाडाचा पायथा किंवा निवांत रिकामी जागा निवडावी असे सांगितले आहे. मन कुठे बसते यालाही महत्त्व आहे, हे तथागतांनी ओळखले होते.

विज्ञान काय सांगते?

बाबासाहेबांनी आपल्याला प्रत्येक गोष्ट तपासून घ्यायला शिकवले, तेव्हा हेही तपासू. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील ४६ शस्त्रक्रियाग्रस्त रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. २०१९ साली इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून असे दिसले की आठवड्यात किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक आपली प्रकृती चांगली असल्याचे अधिक सांगतात. अर्थात हा संबंध आहे, कारण सिद्ध झाले असे नाही.

'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ साली एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने रूढ केला. क्षयरोगातून बरे होताना चित्रे काढण्याचा उपयोग त्याने स्वतः अनुभवला होता. २०१६ साली अमेरिकेत ३९ प्रौढांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात ४५ मिनिटे कलाकाम केल्यावर सुमारे तीन-चतुर्थांश लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झाले. कलेचा पूर्वानुभव असणे-नसणे याने त्यात विशेष फरक पडला नाही.

आमची चूक

पहिली कार्यशाळा मी एखाद्या प्रोजेक्टसारखी आखली. एक्सेलमध्ये वेळापत्रक, गट, आणि शेवटी उत्कृष्ट चित्राला बक्षीस. मुलांनी मजा केली, मोठी माणसे मात्र "आम्हाला कुठे चित्र येते?" म्हणत कडेला उभी राहिली.

दुसऱ्या वेळी बक्षीस काढून टाकले. उद्यानातल्या तळ्याकाठी बसून सर्वांना एकच सांगितले, तुमच्या ओळखीचे पाणी काढा. मराठवाड्यातून मुलाकडे आलेले एक सत्तरीचे काका बराच वेळ कोऱ्या कागदाकडे पाहत बसले. मी म्हणालो, "काका, काहीतरी छान काढा ना." त्यांनी ओढा काढला आणि त्यावर दोन पाणवठे. खालच्या पाणवठ्यावर घागर घेतलेली एक बाई. म्हणाले, "ही माझी आई. वरचा पाणवठा गावाचा. तिथं गुरं जायची, आम्ही नाही." त्यांचा मुलगा शेजारीच बसला होता. पंचेचाळीस वर्षांत त्याने हे कधी ऐकले नव्हते.

'छान काढा' म्हणालो याची मला लाज वाटली. निसर्गात गेले की मन आपोआप प्रसन्न होते, असे आपण गृहीत धरतो. परंतु ज्या समाजाला पाण्याला स्पर्श करण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जावे लागले, त्याच्या आठवणीत पाणी, विहीर, शेत आणि रान यांच्यासोबत अपमानही आहे. आपल्या कार्यशाळेत त्याला जागा हवी. दुःख नाकारून शांती येत नाही. दुःख आहे हे पाहणे हे पहिले आर्यसत्य आहे.

कलाही आपल्याला परकी नाही. आपल्या आज्यांनी जात्यावर भीमाच्या ओव्या गायिल्या, शाहिरांनी जलशांतून गावे जागी केली. ती कला बक्षिसासाठी नव्हती, जगण्यासाठी होती.

कार्यशाळा कशी घ्यावी?

सुमारे दोन तास आणि दहा-बारा माणसे पुरेशी आहेत.

१. दहा मिनिटे आनापान. डोळे मिटणे सक्तीचे नसावे.

२. वीस मिनिटे मौन राखून सावकाश चालणे. गळून पडलेले एक पान उचलावे आणि त्याच्या शिरा नीट पाहाव्यात. हिवाळ्यात हॉलमध्ये कुंडी किंवा भाजीची जुडी ठेवूनही हे करता येते.

३. पंचेचाळीस मिनिटे चित्र किंवा मातीकाम. साधे खडू चालतात. लक्ष हातावर आणि डोळ्यांवर ठेवावे. मनात जी वेदना उठेल ती उठली एवढे जाणावे. हीच सम्यक स्मृतीची साधना आहे.

४. अर्धा तास गोलात बसणे. दाखवायचे त्याने दाखवावे. कोणीही "वा, छान" म्हणू नये, चुका काढू नयेत, सल्ला देऊ नये. फक्त ऐकावे.

५. शेवटी मैत्री भावना आणि चहा.

कोणाचेही चित्र परवानगीशिवाय व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ही कार्यशाळा म्हणजे उपचार नव्हे. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' ही पदवी कायद्याने संरक्षित आहे आणि नोंदणीशिवाय ती कोणी लावू शकत नाही. कोणाची झोप उडाली असेल, जगणे नकोसे झाले असेल, तर त्यांच्यासोबत जीपीकडे जा. समॅरिटन्सचा ११६ १२३ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. जिवाला धोका असेल तर ९९९. मदत मागण्यात कमीपणा नाही.

ते काका पुढच्या वेळी नातवाला घेऊन आले. नातवाला मराठी वाचता येत नाही, पण आजोबांचा ओढा त्याला वाचता आला. त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही वर का नाही गेलात?" मग आजोबांनी त्याला महाडची गोष्ट सांगितली.

आपल्या शहरात अशी एक दुपार नक्की ठरवा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!