निट्स जास्त, म्हणून स्क्रीन चांगला?

प्रश्न : मुलीसाठी लॅपटॉप घ्यायचाय. एकाचा स्क्रीन २५० निट्सचा, दुसऱ्याचा ४०० चा. दुसरा दीडपट चांगला दिसेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. निट्सवरून फक्त स्क्रीनचा उजेड कळतो, आणि उजेडातली वाढ डोळ्यांना त्याच प्रमाणात जाणवत नाही. त्यामुळे फरक आकड्याहून बराच कमी भासतो. घरात ट्यूबलाइटखाली २५० पुरतात. खिडकीशी किंवा गॅलरीत बसायचं असेल तर मात्र ४०० घ्या. जास्त असलेलं काय वाईट, असं म्हणाल; पण तेच पैसे आधी पॅनेलवर घालावेत. स्वस्त टीएन पॅनेल जरा तिरकं झालं की रंग फिके पडतात, आयपीएसवर ते बरेच टिकतात. चकचकीत स्क्रीनमध्ये मागची ट्यूब दिसत राहते, ती कटकट वेगळीच! दुकानात दोन्हींचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून एकच फोटो बाजूने बघा. रात्री वापरताना तो कमी करायला मुलीला सांगा.