काठावरची रोपं

चि. छोटीस,


दिल्लीच्या संगम विहार वस्तीतल्या 600 घरांतून पाण्याची माहिती गोळा करण्याचा तुझा आराखडा वाचला. विषय मोलाचा आहे. मात्र ‘चुका कमी करण्यासाठी नमुना 1,200 घरांपर्यंत वाढवता येईल’ हे वाक्य काढून टाक. काही चुका नमुना वाढवला की घटतात. काही कितीही घरं घेतली तरी जागच्या हलत नाहीत. हा फरक दिल्लीतच एका मराठी माणसाने आकड्यांनिशी दाखवून दिला होता.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. फर्ग्युसनमधून पदवी, लंडनला संख्याशास्त्रात डॉक्टरेट, आणि 1940 पासून दिल्लीत भारतीय कृषी संशोधन परिषदेचं काम. पुशातली कृषी सांख्यिकी संस्था त्या कामातूनच वाढली. महायुद्ध चालू होतं, 1943 मध्ये बंगालात लाखो माणसं उपासमारीने गेली, आणि देशात धान्य पिकतं किती याचा भरवशाचा आकडा सरकारकडे नव्हता. तोवरची पद्धत आणेवारीची: गावकामगाराने शिवारावर नजर टाकायची आणि पीक किती आणे आलंय ते सांगायचं. त्याऐवजी गाव, त्यातलं शेत आणि शेतातला तुकडा चिठ्ठ्या टाकाव्यात तसा निवडायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं आणि वजन करायचं, अशी पीककापणीची पद्धत रुजू लागली.

तुकडा केवढा असावा, यावर वाद झाला. बंगालात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांची माणसं 2 फूट, 4 फूट त्रिज्येची वर्तुळं कापत. काम झटपट होई, खर्चही कमी. सुखात्म्यांनी एकाच भागात लहानमोठे तुकडे कापून ताडून पाहिलं, तर तुकडा जितका लहान तितकं एकरी उत्पन्न जास्त भरत होतं. जमीन तीच, पीक तेच. गोम काठावर होती. रेषेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, हे विळा हातात असलेला माणूस ठरवतो आणि त्याचा कल आत घेण्याकडे असतो. लहान तुकड्यात क्षेत्रफळाच्या मानाने काठ मोठा, म्हणून फुगवटाही मोठा. 1946 मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी हे मांडलं. त्यांचा आग्रह 33 फूट बाय 16.5 फुटांच्या, म्हणजे एकराच्या ऐंशीव्या भागाच्या तुकड्याचा होता. लहान वर्तुळं हजारोंनी कापली असती तरी प्रत्येक वर्तुळ एकाच दिशेने चुकलं असतं. सरासरी तेवढीच खोटी राहिली असती, फक्त तिच्याभोवतीची चुकीची मर्यादा अरुंद दिसली असती, आणि ते जास्त घातक.

तुझ्या पाहणीतली काठावरची रोपं म्हणजे भाडेकरू. एका पंचवीस-तीस गजांच्या प्लॉटवर चार मजले, खाली मालक, वर खोलीखोलीत बिऱ्हाडं, कुठे चार मुलं मिळून एक खोली. यातलं ‘घर’ कोणतं? राष्ट्रीय नमुना पाहणीचा नियम सोपा आहे: जे नेहमी एकत्र राहतात आणि ज्यांचा स्वयंपाक एकत्र होतो ते एक कुटुंब. तो नियम सूचनापुस्तिकेत उदाहरणांसकट लिही. निर्णय दारात उभ्या असलेल्या प्रगणकावर सोडलास, तर तो मालकालाच गाठणार. मालक घरी असतो, दार उघडतो, बोलतो. भाडेकरू सकाळी सातला ओखल्याच्या कारखान्यात गेलेला असतो. आणि बोअरवेलच्या पाण्याची पाळी मालकाच्या हातात असते, हे विसरू नकोस. मालकांचीच उत्तरं जमली, तर वस्तीत पाणी बरं आहे असा निष्कर्ष निघेल.

म्हणून आधी गल्लीवार यादी कर: प्रत्येक इमारत, प्रत्येक मजला, प्रत्येक स्वयंपाक. निवड त्या यादीतून, खोलीवर बसून होऊ दे. गल्लीत उभं राहून नको. मतदारयादी वापरण्याचा तुझा बेत सोड. सीएसडीएस या संशोधन संस्थेचा लोकनीती गट निवडणुकीच्या अभ्यासासाठी मतदारयादीतून माणसं निवडतो ते योग्यच, कारण त्यांना मतदारच हवे असतात. तुला रहिवासी हवेत, आणि कित्येकांचं नाव अजून बिहारमधल्या गावच्या यादीत असतं. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर पुन्हा जायचं, संध्याकाळी, मग रविवारी. शेजारचं घर घ्यायचं नाही.

आता प्रश्नावली. ‘गेल्या 7 दिवसांत टँकर किती वेळा आला’ आणि ‘गेल्या 30 दिवसांत किती वेळा’ हे प्रश्न तू लागोपाठ ठेवलेस. अशा मांडणीने देशाचा दारिद्र्याचा आकडा वादात सापडला होता. 1999-2000 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत अन्नखर्च एकाच कुटुंबाला दोन्ही मुदतींसाठी विचारला गेला. त्याआधीच्या छोट्या फेऱ्यांत दोन मुदतींचे तक्ते वेगवेगळ्या कुटुंबांना दिले होते आणि उत्तरांत मोठं अंतर पडलं होतं. 1999-2000 मध्ये दोन्ही मुदती शेजारी बसल्यावर ती उत्तरं एकमेकांकडे सरकली. दारिद्र्य 36 टक्क्यांवरून 26 वर आल्याचं जाहीर झालं आणि त्यातली खरी घट किती, यावर अँगस डीटन, अभिजित सेन यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं झटले. छापील कागदावरचे दोन रकाने, एवढंच कारण. तू एक मुदत ठरव आणि शेवटपर्यंत तीच ठेव.

ऋतूचंही तसंच. तुझं सगळं काम जानेवारीत आटोपणार आहे, दिल्लीची पाण्याची ओढाताण मात्र मे-जूनची. राष्ट्रीय नमुना पाहणी वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे चार भाग पाडून प्रत्येकाला सारखा नमुना देत आली आहे. तुला निदान दोन भाग जमतील: 300 घरं हिवाळ्यात, 300 उन्हाळ्यात.

महालनोबिसांकडूनही एक गोष्ट घे. एकाच वस्तीतून दोन स्वतंत्र नमुने काढून ते दोन वेगळ्या गटांना देण्याची रीत त्यांची. दोन गटांचे आकडे फार वेगळे आले, तर घोळ प्रगणकांत किंवा प्रश्नांत आहे हे काम चालू असतानाच कळतं. तुझ्याकडे सहा प्रगणक आहेत, तीन-तीनचे गट कर. पैसे फॉर्ममागे देऊ नकोस, दिवसाचे दे. फॉर्ममागे मजुरी दिली की चहाच्या टपरीवर बसून फॉर्म भरले जाण्याची भीती असते, आणि तो दोष मोबदल्याच्या रीतीचा.

फोन नंबर विचारून, संमतीने घे. एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेने 2019 मध्ये दिल्ली आणि भोवतालच्या जिल्ह्यांत घरोघरी पाहणी केली होती. ते नंबर हाताशी होते म्हणून 2020 च्या टाळेबंदीत, एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात, त्याच कुटुंबांची खबर फोनवरून घेता आली. तुझ्या उन्हाळी फेरीतही हिवाळ्यातल्या काही घरांशी पुन्हा बोलता येईल. नावं आणि नंबर मात्र उत्तरांपासून वेगळ्या फाइलीत, कुलूपबंद.

आधी नमुन्याबाहेरच्या एका गल्लीत 20 घरांवर चाचणी घे, आणि त्यातल्या निदान पाच मुलाखती तू स्वतः घे. कोणत्या प्रश्नाला लोक थांबतात, कुठे बाईच्या ऐवजी नवरा उत्तर देतो, ते टिपून ठेव. त्या नोंदी आणि सुधारलेली प्रश्नावली दोन्ही पाठव. यादीचा नकाशा झाला असेल तर तोही.

तुझा,
मामा