यंत्राची पाटी वाचा

अष्टमी आणि रोहे. मधून कुंडलिका नदी वाहते. दोन्ही गावांची नगरपालिका एकच. अष्टमीच्या माणसाचे तहसील कचेरीत काम निघाले, की तो पूल ओलांडून रोह्याला जातो. हातात सातबाऱ्याचा उतारा असतो, रेशनकार्ड असते. कचेरीत विचारतात, "झेरॉक्स आणली का?" मग पावले दुकानाकडे वळतात.

झेरॉक्स हे खरे म्हणजे एका अमेरिकन कंपनीचे नाव. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणू लागलो, तसेच हे झाले. चेस्टर कार्लसन नावाच्या गृहस्थाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्क शहरात अशी पहिली नक्कल काढली. कचेरीत सहज वापरता येईल असे यंत्र निघायला मात्र १९५९ साल उजाडले.

या यंत्रात ओली शाई नसते. काळी भुकटी असते. तिला टोनर म्हणतात. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे कसा ओढून घेतो, ते तुम्ही पाहिले असेल. यंत्रात तशाच ओढीने भुकटी अक्षरांच्या जागी चिकटते. पुढे एक तापलेला रोलर ती कागदावर पक्की बसवतो. म्हणून ताजी झेरॉक्स हाताला गरम लागते.

आता समजा, बचत गटाच्या बायांनी मिळून असे एक यंत्र घेतले. जून महिना. शाळेच्या दाखल्यांची गर्दी. आणि यंत्र अडले. गटातल्या ताईंनी मेकॅनिकला फोन लावला.

"दादा, यंत्र बंद पडलंय हो."

"पाटीवर काय आलंय, ताई?"

"काहीतरी इंग्रजी आलं होतं. आम्ही बंद करून परत चालू केलं. आता काहीच दिसत नाही."

मेकॅनिक पनवेलहून आला. रोलरचा भाग गेला आहे, हे त्याला इथे आल्यावर कळले. तो भाग त्याच्या पिशवीत नव्हता. तो परत गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. दोन खेपांचे पैसे द्यावे लागले. दोन दिवसांचे गिऱ्हाईक गेले ते वेगळेच.

यंत्राला एक लहान पाटी असते. बिघाड झाला की तिच्यावर आकडा उमटतो. यंत्र बंद करण्याआधी तो आकडा कागदावर लिहून घ्या. इंग्रजी अक्षर येत नसेल, तर रांगोळी पाहून काढता तसे ते पाहून उतरवा. फोनने फोटो काढला तरी चालेल.

आकड्यांचा अर्थ कंपनीगणिक वेगळा. एचपीच्या यंत्रावर १३ ने सुरू होणारा आकडा आला, तर कागद अडकला आहे. ५० ने सुरू झाला, तर तापणाऱ्या रोलरचा बिघाड आहे. कधी कधी विजेचा दाब कमी असला तरी रोलर नीट तापत नाही. यंत्राची पिन फळीत लावली असेल, तर काढून सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून पाहा. कॅननच्या यंत्रावर इंग्रजी ई आणि पुढे तीन शून्ये आली, तर तेही रोलरच्या तापण्याचेच दुखणे. रिकोच्या यंत्रावर एस-सी ही अक्षरे आली, म्हणजे यंत्र मेकॅनिकला हाक मारते आहे. एकदा बंद करून चालू करा. पुन्हा तेच आले, तर आपण आत हात घालू नये.

कागद अडकण्याचे काम मात्र आपल्या हातातले आहे. पावसाळ्यात पापड मऊ पडतो, तसा कागदही ओल धरतो. गरम रोलरखाली असा कागद वळतो आणि अडकतो. आपल्या कोकणात तर जून ते सप्टेंबर हेच चालते! रिम एकदम फोडून ठेवू नका. लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये घाला. उरलेला प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.

आणखी एक. आजोबांच्या वेळचे खरेदीखत, घडीवर फाटलेले रेशनकार्ड, असे कागद वरच्या ओढणाऱ्या ट्रेमध्ये कधीच घालू देऊ नका. ते काचेवर पालथे ठेवूनच नक्कल काढायला सांगा. दुकानदार घाईत असला तरी सांगा. नक्कल दुसरी निघेल, मूळ कागद फाटला तर कचेरीच्या खेपा आल्या. टाचणी आधी काढा.

कोरा कागद अडकला, तर यंत्र बंद करा. रोलर निवू द्या, तो चांगलाच भाजतो. मग झाकण उघडून कागद दोन्ही हातांनी धरा आणि हळू ओढा. ज्या दिशेने कागद जात होता, त्याच दिशेने ओढा. बाहेर आलेले तुकडे टेबलावर जुळवून पाहा. कोपरा कमी दिसला, तर तो आतच आहे. तो राहिला, तर झाकण लावताच पाटीवर पुन्हा तेरा.