जोडीदार निवडताना आपण काय पाहतो?

शास्त्रपाठ : गणना १२:१-१५, रूथ ३:११
पाठ करावयाचे वचन : १ शमुवेल १६:७

१८८७ साली स्थापन झालेल्या इंदूर ख्रिश्चन कॉलेजसारख्या संस्थांत नाना जातींची व भाषांची मुले एका बाकावर बसत आली. पण विवाहाची बोलणी निघाली की आम्हां ख्रिस्ती घरांतही विचारले जाते, "मुलगी गोरी आहे ना?" आणि मग हळू आवाजात, "मूळचे कोणत्या जातीचे?"

१९२८ साली तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. विवाहापूर्वी तिला धर्म व नाव बदलून शर्मिष्ठादेवी व्हावे लागले आणि धनगर समाजात प्रवेश घ्यावा लागला. राजालाही जातीची चौकट सांभाळावी लागली!

ही आवडनिवड जन्मजात असते काय? अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात संशोधकांनी पदव्युत्तर विद्यार्थी व विद्यार्थिनींच्या काही मिनिटांच्या भेटी घडवल्या आणि पुन्हा कोणाला भेटाल, असे विचारले. २००८ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याच वंशाच्या जोडीदाराची ओढ मुलांपेक्षा मुलींत अधिक आढळली. शिवाय, ज्यांच्या मूळ प्रदेशात मिश्रविवाहांना विरोध होता, त्यांच्यात ती जास्त दिसली. म्हणजे आवड पुष्कळशी घरीदारी शिकवली जाते. जे शिकवले जाते, ते बदलताही येते.

मोशेने कूशी स्त्री केली म्हणून मिर्याम व अहरोन त्याच्याविरुद्ध बोलले. देवाने मोशेला दोष दिला नाही. मिर्यामच कोडाने बर्फासारखी पांढरी झाली, आणि सात दिवस सारी मंडळी वाटेत थांबून राहिली. एका घरातील कुरबुरीने सर्वांची वाटचाल अडते, हे आम्ही ध्यानात घ्यावे. उलट बवाजाने मवाबी रूथचे कूळ नव्हे, सद्गुण पाहिले. त्याच वंशात दावीद व पुढे प्रभू येशू जन्मला.

विश्वास, सचोटी, कष्टाळूपणा व दया यांची पारख जरूर करावी. पण ज्याच्याबरोबर आम्ही प्रभुभोजनाची एकच भाकर मोडतो, त्याच्या घरी मुलगी देण्यास केवळ जातीमुळे कचरत असू, तर गलती ३:२८ आम्ही नुसते पाठच केले, असे होईल.

चर्चेसाठी प्रश्न :
१. सावळ्या मुलांना आपल्या वर्गात वा घरात कोणत्या नावाने हाक मारली जाते?
२. स्थळ पाहताना पहिला प्रश्न कोणता असावा?
३. मिश्रविवाह केलेल्या कुटुंबाला मंडळीने आपलेसे कसे करावे?