जागतिक आर्थिक अरिष्ट आणि वनजिल्ह्यांतील ग्रामसभा

१५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही १८५० साली स्थापन झालेली वित्तसंस्था दिवाळखोरीत निघाली आणि साऱ्या जगाचा कर्जव्यवहार हादरला. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांपासून ती बाजारपेठ हजारो मैल दूर आहे. तथापि वनहक्क कायद्यामुळे बांबू व तेंदूपाने यांच्या विक्रीचा पैसा येथील अनेक ग्रामसभांच्या हाती येऊ लागला असल्याने, उधारीचा व्यवहार कशाने बिघडतो हे समजून घेणे त्यांनाही अगत्याचे झाले आहे.

अरिष्टाची कारणे

२००३ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने आपला व्याजदर एक टक्क्यापर्यंत खाली आणला होता. घरांच्या किमती चढतच होत्या. परिणामी, परतफेडीची ऐपत नसलेल्यांनाही घरासाठी कर्जे मिळू लागली. गावातील सहकारी संस्था कर्ज देते तेव्हा ते फिटेपर्यंत तिला ऋणकोवर लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेत मात्र कर्ज देणारी संस्था ते लगोलग दुसऱ्यास विकून मोकळी होत असे. अशा हजारो कर्जांची मोट बांधून त्यांवर रोखे काढण्यात आले, पतमापन संस्थांनी त्यांतील अनेकांना सर्वोच्च दर्जा दिला आणि देशोदेशींच्या बँकांनी ते विकत घेतले. मूळ कर्जदार कोण व त्याची मिळकत किती, हे रोखा बाळगणाऱ्यास ठाऊक नव्हते.

२००६ पर्यंत व्याजाचा दर सव्वापाच टक्क्यांवर गेला, घरांच्या किमती उतरू लागल्या व हप्ते थकले. बुडीत रोखे कोणाच्या तिजोरीत किती, हे कळेनासे झाल्याने बँका एकमेकींनाही उसने देईनात. विश्वासाचा हा लोप हेच अरिष्टाचे मर्म होय.

परिणाम

भारतीय बँकांजवळ असे रोखे अत्यल्प होते. १९६९ साली १४ व १९८० साली ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले असल्याने ठेवीदारांचा विश्वासही टिकून राहिला. तरीही विदेशी भांडवल परत गेले, निर्यात घटली आणि जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर पोचलेला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्या खाली आला. रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर सहा महिन्यांत ९ टक्क्यांवरून पावणेपाच टक्क्यांवर आणला. पोलादाचे भाव जगभर कोसळले. चंद्रपूर येथे तयार होणारे फेरोमँगनीज पोलादासाठीच लागते, हे ध्यानी घेतले म्हणजे दूरच्या मंदीचा जवळच्या भट्टीशी असलेला संबंध उमगतो.

बल्लारपूरचे उदाहरण

१९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूर इंडस्ट्रीज या कंपनीच्या कागद कारखान्यांना या जंगलांतील बांबू दीर्घकाळ पुरविला गेला. कर्ज सुलभ असलेल्या त्याच काळात, २००७ साली, कंपनीने मलेशियातील सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज विकत घेतली. पुढे तिच्यावरील कर्जाचा भार वाढला आणि २०२० मध्ये ही मूळ कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. अशा प्रसंगी कंपनी विकून पैसा उभा करावा लागला, तर २०१६ च्या कायद्यान्वये तारण असलेल्या बँका व कामगार यांचा क्रम आधी लागतो. उधारीवर माल देणाऱ्याचा फार मागे.

ग्रामसभांसाठी बोध

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला व २०११ पासून ग्रामसभेस बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देता येऊ लागले. असे हक्क मिळालेली ग्रामसभा आता विक्रेती आहे; आणि रक्कम हाती येण्यापूर्वी फळीवरील तेंदूपाने उचलू देणारी ग्रामसभा त्या क्षणापासून धनकोही ठरते. धनकोने घ्यावयाची दक्षता तिनेही घेतली पाहिजे.

व्यापाऱ्याकडून आगाऊ अनामत घ्यावी; जेवढी रक्कम जमा होईल तेवढाच माल सोडावा. सर्वाधिक भाव बोलणाऱ्याची पूर्वीची देणी फिटली आहेत काय, याची चौकशी सभेतच व्हावी. येणे असलेली रक्कम उत्पन्न समजून खर्चाचे बेत आखू नयेत. ठेव बँकेतच ठेवावी. २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदाराच्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थांना ते लागू नाही.

अमेरिकेतील बँकांनी ऋणकोचे तोंड न पाहता रोखे घेतले. ग्रामसभेस मात्र व्यापाऱ्यास समोर बसवून हिशेब विचारता येतो. हा हिशेब वाचता येणारी माणसे गावोगाव तयार करणे, हे शिक्षक व ग्रामसेवक यांचे काम आहे. मजुराची हंगामाची कमाई त्यावरच अवलंबून आहे.