पेशींच्या कानातला बिल्ला : नॅनोकण कितपत सुरक्षित?

म्हशाच्या जत्रेत बैलबाजारातून फिरला असाल तर गुरांच्या कानातले पिवळे बिल्ले तुम्ही पाहिले असतीलच. त्यावर 12 आकडी नंबर असतो. जनावर कुठेही विकलं गेलं तरी नंबरावरून ओळख पटते. आज असाच बिल्ला पेशींना कसा लावतात आणि त्याचा पेशींना त्रास होतो का, ते बघूया.

मूलपेशी म्हणजे शरीरातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी ज्यांच्यापासून बनू शकतात अशा पेशी. रुग्णाला लाखो मूलपेशी टोचल्या, पण त्या पोहोचल्या कुठे? बाहेरून काही कळत नाही. म्हणून टोचण्याआधी प्रयोगशाळेत त्यांना आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण खाऊ घालतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण साधारण 100 नॅनोमीटरच्या आसपास असतात. एमआरआयमध्ये अशा पेशींच्या जागी काळा डाग दिसतो.

याचा उपयोग खरंच होतो. 2005 साली नेदरलँड्समध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या 8 रुग्णांना लोहकण भरलेल्या पेशी लसिका ग्रंथीत टोचल्या. (त्या मूलपेशी नव्हत्या, रोगप्रतिकारक पेशी होत्या, पण पद्धत तीच.) सोनोग्राफीत बघून सुई घातली होती. तरी एमआरआयने दाखवलं की चौघांमध्ये पेशी ग्रंथीत पडल्याच नाहीत! बिल्ला नसता तर उपचारच कुचकामी आहे असं वाटलं असतं.

आता सुरक्षिततेकडे वळू. पहिली शंका अशी की एवढं लोह अंगात गेलं तर? गणित करू. एका पेशीत साधारण 20 पिकोग्रॅम लोह धरा. एक कोटी पेशींचं मिळून 0.2 मिलिग्रॅम. आपल्या शरीरात मुळातच 3 ते 4 ग्रॅम लोह असतं. म्हणजे शरीराच्या हिशेबात हे काहीच नाही.

पण पेशीच्या हिशेबात? इथे खरी गोम आहे. कण पेशीतल्या आम्लयुक्त पिशवीत, म्हणजे लायसोसोममध्ये साठतात आणि हळूहळू विरघळतात. सुटलेलं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून घातक मुक्तमूलकं तयार करतं. पेशी मरतेच असं नाही, पण तिचं वागणं बदलू शकतं. 2004 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात लोहकण भरलेल्या मूलपेशींपासून हाड आणि चरबीच्या पेशी नीट तयार झाल्या; कूर्चा मात्र नीट होईना. गुडघ्याची कूर्चा दुरुस्त करायला निघालेल्या डॉक्टरला हे माहीत असायलाच हवं ना? म्हणून ‘पेशी जिवंत आहेत’ एवढी चाचणी पुरत नाही; त्या नेमून दिलेलं काम करतात का, हेही तपासावं लागतं. कॅडमियम असलेले क्वांटम डॉट तर आणखी जोखमीचे, कारण वरचं आवरण झिजलं की विषारी कॅडमियम बाहेर पडतं.

दुसरा धोका चुकीच्या निष्कर्षाचा. बैल मेला तरी बिल्ला उरतोच. तसंच मूलपेशी मेली की तिचे लोहकण शेजारच्या भक्षक पेशी गिळतात. एमआरआयवर डाग तसाच! मूलपेशी जिवंत आहेत असं समजून आपण खूश, आणि तिथे एकही शिल्लक नाही.

मग लोखंडाचा डाग दाखवून कुणी ‘बघा, पेशी रुजल्या’ म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर बाकीचे मूलपेशी उपचार परवानगी घेतलेल्या चाचणीतच द्यायचे असतात. घरात कुणाला असा उपचार सुचवला, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.

आता वहीत एक गणित सोडवा. पेशी दुभंगली की लोह दोघींत निम्मं निम्मं वाटलं जातं. सुरुवातीला 20 पिकोग्रॅम असेल, तर 10 विभाजनांनंतर एका पेशीत किती उरेल? आणि डाग पुसट झाला तर पेशी मेल्या की वाढल्या, हे तुम्ही कसं ओळखाल?