प्राथमिक वर्गांतील व्यवसाय-परिचय

हेतू

‘मोठेपणी कोण होणार?’ हा प्रश्न प्राथमिक वर्गात विचारला असता डॉक्टर, शिक्षक, पोलीस, सैनिक अशी चार-सहा ठराविक उत्तरे मिळतात. ही उत्तरे मुलांची आवड दाखवीत नाहीत. त्यांचा परिचय किती थोड्या कामांशी झाला आहे, एवढेच दाखवितात. गावात वायरमन येतो, पशुवैद्य येतो, तलाठी सात-बाराचा उतारा देतो, दूध संकलन केंद्रावर फॅट तपासला जातो, ट्रॅक्टर दुरुस्त होतो. मुले हे सर्व रोज पाहतात; परंतु ही माणसे काय जाणतात आणि ती विद्या त्यांनी कोठून मिळविली, हे कोणी त्यांस सांगितलेले नसते. पाहणे आणि ओळखणे यांत जे अंतर आहे, ते भरून काढणे म्हणजेच व्यवसाय-परिचय होय.

मुलाने पुढे कोण व्हावे हे ठरवून देणे प्राथमिक शिक्षकाच्या कार्यकक्षेत येत नाही. नऊ-दहा वर्षांच्या बालकाचे भवितव्य ठरविण्याचा अधिकार कोणासच नाही. शिक्षकाने करावयाचे ते इतकेच की, पुढे निवड करण्याची वेळ येईल तेव्हा मुलाच्या डोळ्यांपुढे चारच नव्हे, तर चाळीस कामे असावीत. आणि त्यांपैकी एकही काम आपल्या जातीमुळे किंवा आपण मुलगी असल्यामुळे आपल्यासाठी बंद आहे, अशी समजूत त्याच्या मनात राहू नये.

पूर्वपीठिका

हा विचार या भूमीस नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातील कटगुणचे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत शेतीचे सोपे ज्ञान द्यावे आणि आवश्यक तेथे ग्रामीण शाळेस जोडून लहानसे नमुना-शेत असावे, अशी सूचना केली. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि प्रसंग पडल्यास नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरता येईल असे असावेत, असेही त्यांनी मांडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. स्वावलंबन हे या संस्थेचे ब्रीद ठरले. तेथील विद्यार्थी श्रम करून शिकले. १९३७ च्या वर्धा परिषदेतून मूलोद्योग शिक्षणाची कल्पना पुढे आली, तर १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली.

तथापि पुष्कळ शाळांतून कार्यानुभवाचा तास कागदी फुले व टोप्या करण्यापुरता उरला. हातास काम मिळाले; पण ते काम जगात कोण, कशासाठी व कोणत्या ज्ञानाच्या आधारे करतो, हा विचार मागे पडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या सान्निध्यात राहून शिकावे, अशी अपेक्षा आहे. परंतु खालच्या इयत्तांत पाहण्याची व प्रश्न विचारण्याची सवय लागली नसेल, तर हे दहा दिवस सहलीसारखे निघून जातील. ती सवय लावण्याचे काम पहिली ते पाचवीच्या शिक्षकाचे आहे.

तीन प्रश्नांची पद्धत

कोणत्याही कामाची ओळख करून देताना पुढील तीन प्रश्न क्रमाने घ्यावेत.

(१) हे काम करणारा माणूस नेमके काय करतो?
(२) ते करण्यासाठी त्याला काय ठाऊक असावे लागते आणि ते तो कोठे शिकला?
(३) त्याच्या आजोबांच्या वेळी हे काम कसे होत असे व आता त्यात काय बदल झाला?

पहिल्या प्रश्नाने निरीक्षण वाढते. दुसऱ्याने कामामागील विद्येबद्दल आदर उत्पन्न होतो. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण कामे बदलतात हे एकदा कळले, म्हणजे वडिलांचे काम हेच मुलाचे काम, ही कल्पना आपोआप शिथिल होते.

नमुना पाठ पहिला : हळद (इयत्ता तिसरी व चौथी)

सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे. हळकुंड सर्वांच्या घरी असते, म्हणून पाठाचा आरंभ प्रत्यक्ष हळकुंडाने करावा. ‘हे हळकुंड आपल्या हाती येईपर्यंत किती माणसांच्या हातांतून गेले?’ असा प्रश्न विचारून मुलांकडून एकेक काम वदवून घ्यावे व फळ्यावर साखळी तयार करावी : लागवड करणारा, काढणी करणाऱ्या मजूर स्त्रिया, हळद शिजविणारा, वाळविणारा, पॉलिश करणारा, वाहनचालक, बाजारातील हमाल, तोलाई करणारा, अडत्या, खरेदीदार, गोदामाचा हिशेबनीस, दळणारा, पाकिटबंद करणारा, दुकानदार. मुलांस प्रथम दोन-तीनच कामे सुचतात. साखळी दहांच्या पुढे जाते तेव्हा त्यांस स्वतःसच आश्चर्य वाटते.

दुसरा प्रश्न घेताना प्रत्येक कामामागील ज्ञान शोधावे. हळद कमी शिजली तर नीट वाळत नाही, अधिक शिजली तर रंग बिघडतो. हे शिजविणाऱ्यास कसे कळते? सौदा लिलावाने होतो. तेथे भाव व वजन यांचा हिशेब तत्काळ करावा लागतो. येथेच अंकगणित जोडता येते. ओली हळद शिजवून वाळविल्यावर तिचे वजन सुमारे एक-पंचमांश उरते. तेव्हा ५०० किलो ओल्या हळदीपासून किती हळकुंड मिळेल, हे उदाहरण मुले आनंदाने सोडवितात, कारण ते त्यांच्या घरचे असते.

तिसऱ्या प्रश्नासाठी हरिपूरच्या पेवांची माहिती सांगावी. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद दीर्घकाळ साठविली जात असे. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली आणि साठवण गोदामांकडे वळली. पेव भरणे व उपसणे हे कसबी माणसाचे काम होते. ते कमी झाले तेव्हा गोदामाची व्यवस्था, आर्द्रतेची तपासणी, नोंदवह्या ही कामे वाढली. एक काम मावळते तेव्हा त्याच्या शेजारी दुसरे उगवते. मात्र ते करण्यासाठी नवे शिकावे लागते. हे या पाठाचे सार होय.

सातारा जिल्ह्यातील शिक्षकांनी हळदीच्या जागी आपल्या भागातील वस्तू घ्यावी. महाबळेश्वर व जावळीकडे स्ट्रॉबेरी किंवा मध, सातारा शहराजवळ कंदी पेढा, पाटणच्या बाजूस कोयनेची वीज. वस्तू बदलली तरी प्रश्न तेच राहतील.

नमुना पाठ दुसरा : सतार (इयत्ता पाचवी)

मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये तयार होतात. तेथील सतार व तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या शिकलगार घराण्यांनी हा उद्योग उभा केला त्यांचे मूळ काम शस्त्रांना धार लावण्याचे होते. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर ते वाद्यांकडे वळले, असे तेथील परंपरा सांगते. लोखंडावर चालणारा हात लाकडावर व तारेवर चालू लागला आणि ‘सतारमेकर’ हेच आडनाव झाले. पिढीजात म्हणून ओळखला जाणारा धंदासुद्धा कधी तरी कोणी तरी नव्याने शिकलेला असतो, हे मुलांच्या मनावर ठसविण्यास याहून समर्पक उदाहरण मिळणे कठीण.

सतारीचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतातून येतो. तेथील शेतकरी खाण्यासाठी नव्हे, तर वाद्यासाठी भोपळा पिकवितो. भोपळा वाळविणे, लाकडाची दांडी जोडणे, नक्षी करणे, पॉलिश, पडदे बांधणे आणि शेवटी घोडी घासून जवारी काढणे ही कामे निरनिराळ्या कसबाची आहेत. जवारी काढणाऱ्याचे सर्व कसब त्याच्या कानात असते. ‘कानाने करावयाची कामे कोणती? नाकाने, जिभेने, बोटांनी करावयाची कामे कोणती?’ असा खेळ वर्गात घेतल्यास, ज्या मुलास वाचनात गती कमी आहे तेही हिरिरीने उत्तरे देते.

चरित्रपाठ : लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. त्यांना चित्रकलेची ओढ होती, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना उमगत नाही, असे तेथे आढळून आले. रंगकाम सोडावे लागले. त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या आत्मसात केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते तीच शिकवू लागले. पुढे बेळगावात सायकलचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळरानावर १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. ती आज सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे. लोखंडी नांगर घेण्यास शेतकरी प्रारंभी कचरत असत; भाऊराव पाटील यांनीही एके काळी या नांगरांच्या प्रचार-विक्रीचे काम केले.

हे चरित्र सांगून झाल्यावर शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा : ‘लक्ष्मणरावांची चित्रकला वाया गेली काय?’ मुलांस वाद घालू द्यावा. नांगराचा आराखडा कागदावर कोणत्या हाताने उतरला, हे त्यांचे त्यांनाच सापडू द्यावे. आपल्या ठिकाणी असलेली एखादी उणीव हा शेवट नसतो. अंगी असलेला गुण दुसऱ्या कामात उपयोगी पडतो. उपदेश न करता हे सांगता येते, ते अशा कथेतूनच.

मुलींसाठी व मुलग्यांसाठीही दुसरे चरित्र घ्यावे. खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे १८३१ मध्ये जन्मलेल्या सावित्रीबाई फुले शिक्षिका झाल्या, तेव्हा शिकविणे हे स्त्रीचे काम मानले जात नव्हते. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत विषयाची पदविका घेतली, भारतीय रेल्वेतील पहिल्या महिला रेल्वेचालक होण्याचा मान मिळविला आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत गाडी चालविली. २०२५ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या. दोन्ही चरित्रे एकामागून एक सांगितली असता ‘बायकांचे काम’ या शब्दाचा अर्थ काळाबरोबर कसा बदलतो, हे मुलांस उमजते.

घ्यावयाची दक्षता

‘तुझे वडील काय करतात?’ हा प्रश्न सर्वांसमक्ष विचारू नये. वर्गात एखाद्याचे वडील हयात नसतात, एखाद्याची आई एकटी मजुरी करते, एखाद्यास वडिलांचे काम सांगण्याची लाज वाटते. त्याऐवजी ‘तुझ्या ओळखीच्या एका माणसाचे काम सांग’ असे म्हणावे. हेतू साध्य होतो आणि कोणाचेही मन दुखावत नाही.

कामाची नावे जातीच्या नावांनी सांगू नयेत. ‘लोखंडाचे काम करणारा’, ‘चामड्याचे काम करणारा’ असे म्हणावे आणि आज ही कामे कोणीही शिकू शकतो, हे उदाहरणाने दाखवावे.

उसाच्या हंगामात मराठवाड्याकडील तोडणी कामगारांची मुले दोन्ही जिल्ह्यांतील शाळांत काही महिने येतात. त्यांच्या आई-वडिलांचे काम वर्गात अवश्य घ्यावे, पण दयेचा विषय म्हणून नव्हे. पहाटे फडात शिरून ऊस बुंध्याशी तोडणे, वाढे छाटणे, मोळी बांधणे, गाडी भरणे यांत केवढे कसब व केवढे कष्ट आहेत, हे त्या मुलांइतके कोणीच सांगू शकणार नाही. ज्या दिवशी असे मूल वर्गापुढे उभे राहून हे सांगेल आणि इतर मुले प्रश्न विचारतील, त्या दिवशी ते पाहुणे राहणार नाही. मात्र त्याने तेच काम पुढे करावे असे सूचित होऊ नये. वाचता-लिहिता आल्याने त्याच्यापुढे कोणती कामे खुली होतात, हेही त्याच पाठात यावे.

कामाची ओळख म्हणजे मुलास कामावर लावणे नव्हे. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. भेटीच्या वेळी मुलांनी पाहावे, विचारावे, वही भरावी. भट्टी, यंत्र वा धारदार हत्यार यांपासून दूर राहावे.

इयत्तावार आखणी व पडताळा

पहिली व दुसरीत शाळेच्या आवारातच दिसणाऱ्या कामांचा परिचय पुरे. तिसरी-चौथीत एका वस्तूची साखळी घ्यावी आणि महिन्यातून एकदा गावातील एका जाणकारास शाळेत बोलवावे. त्यांत स्त्रिया व पुरुष समसमान असावेत. पाचवीत नकाशाचा उपयोग करावा. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या भागांतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी देशाच्या निरनिराळ्या राज्यांत गेली आहेत. पाटण, जावळीकडील कित्येक जण मुंबईत माथाडी कामगार आहेत. आपल्या गावची माणसे कोठे कोठे कामास आहेत, त्या ठिकाणी मुलांनी भारताच्या नकाशावर खूण करावी. भूगोलाचा तास त्या दिवशी घराचा होतो.

या विषयास गुण देऊ नयेत. वर्षारंभी प्रत्येक मुलाकडून त्यास ठाऊक असलेल्या कामांची यादी लिहून घ्यावी व ती जपून ठेवावी. वर्षअखेर तीच यादी पुन्हा लिहून घ्यावी. दोन्ही याद्या शेजारी ठेवून शिक्षकाने तीन गोष्टी पाहाव्यात : कामांची संख्या वाढली काय, प्रत्येक कामापुढे त्यास लागणाऱ्या ज्ञानाविषयी एखादे वाक्य लिहिता आले काय, आणि मुलींच्या यादीत व मुलग्यांच्या यादीत वर्षारंभी असलेला फरक कमी झाला काय. तिसऱ्या गोष्टीचे उत्तर होकारार्थी आले, तर बाकीच्या दोहोंत थोडी उणीव राहिली तरी पाठ सफल झाला असे समजावे.